दारात उभी गाडी

"क्लच सोड! हळू! अगं हळू म्हणतीया ना मी!"

मी क्लच सोडला. गाडीनं एक उसळी मारली, खळ्याच्या कडेकडेनं पळाली आणि गवताच्या गंजीत तोंड खुपसून बंद पडली. मी गंजीवर उपडी. कानात गवत, नाकात गवत, एक चप्पल कुठं गेली ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

कल्पी पोट धरून हसत होती. "शालन, तुझ्याएवढी मठ्ठ शिष्यीण जगात न्हाय बग. गाडी चालवतीस का रेडा हाकतीस?"

"रेडा बरा. त्याला क्लच नसतो," मी म्हटलं. मग आम्ही दोघी हसलो आणि गाडी ओढून बाहेर काढली.

मोटारसायकल माझ्या नवऱ्याची. हणमंत मुंबईला माथाडी कामगार. आमच्या करंजओढ्यातले बहुतेक कर्ते पुरुष मुंबईतच असायचे. सणाला यायचे, गाडीवरून चार दिवस तालुक्याला हिंडायचे आणि परत जाताना गाडीवर प्लॅस्टिकचा कागद टाकून, दोरी आवळून जायचे. पाटणच्या डोंगरातलं आमचं गाव. दिवसातून एक एस.टी. तीही पावसाळ्यात घाटाच्या खालीच थांबायची. घरोघरी गाड्या होत्या आणि गाव चालत होतं, कारण चालवणारे मुंबईत.

कल्पी, म्हणजे कल्पना सपकाळ, माझ्या शेजारची. माहेर कराडकडचं. लग्नाआधी भावाची गाडी पळवायची. लायसन असलेली गावातली एकटी बाई. तिच्या डोक्यातून निघालेल्या कल्पनेपायीच मी त्या गंजीत पडले होते.

त्याचं असं झालं. डॉ. फरीदा शिकलगार नावाच्या तरुण बाई आमच्याकडं यायला लागल्या होत्या. पुण्यातल्या एका संस्थेच्या. डोंगरभागात साप चावून इतकी माणसं का दगावतात, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. त्याआधीही लोक येऊन गेले होते. कुणी रक्त काढून नेलं, कुणी फोटो. परत कुणी तोंड दाखवलं नाही. म्हणून पहिल्या दिवशी फरीदाबाईंना कुणी धड पाणीसुद्धा विचारलं नाही.

शाळेत बैठक झाली तेव्हा त्या म्हणाल्या, "या वेळी तुम्ही नुसती उत्तरं द्यायची नाहीत. हे संशोधन तुम्ही आमच्याबरोबर करायचं. काय शोधायचं, कसं शोधायचं, त्यात तुमचा शब्द. आणि त्यासाठी वेगळा निधी आहे. गावाच्या सहभागासाठीचा. तो कशावर खर्च व्हावा हे गावानं सुचवायचं."

निधी म्हटल्यावर बैठकीत जान आली. उपसरपंच तात्या म्हणाले, मांडव घालू, जेवण घालू. कुणी म्हणालं, टोप्या छापू. कुणी म्हणालं, मोठा फलक लावू घाटाच्या तोंडाला.

मागं बायकांत बसलेली कल्पी उभी राहिली. "आमास्नी गाडी शिकवा."

सगळे वळून बघायला लागले.

"साप चावतो भर दिवसा, रानात. रानात कोण असतं? आमी. दवाखाना खाली तालुक्याला. दारात गाडी हाय. चालवायला कोण हाय? आमची घरोघर जाऊन माहिती काढायची तयारी हाय. कुणाला कवा चावला, कुठला साप, समदं इचारू. पर त्या पैशातनं बायकांस्नी गाडी शिकवा. पेट्रोल, लायसन, काय लागंल ते."

तात्या हसले. बरेच जण हसले. फरीदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खाली बघून भरभर काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजून अंगात वारं भरतं. सकाळी भाताची कामं, दुपारी आम्ही बायका जोडीजोडीनं घरं पालथी घालायचो. नाग, घोणस, मण्यार यांची चित्रं दाखवून विचारायचो. आणि ऊन कललं की खळ्यावर शिकवणी. आधी चौघी शिकायला यायच्या, मग कल्पी आणि मी अशा दोघीच उरलो. कुणाच्या सासऱ्यानं बंद केलं, कुणाचा मुंबईहून फोन आला. माझ्या नवऱ्याला तर मी सांगितलंच नव्हतं. पण घरात सासूबाई होत्या. त्यांना मी आत्ती म्हणते. त्यांना कळणारच होतं. एक दिवस त्या पाटावर किल्ली ठेवून म्हणाल्या, "सांजच्याला आणून ठेवत जा. आन साडीवर बसू नगंस, डरेस घाल. पाय अडकंल." बस्स. का म्हणून मी विचारलं नाही. मला किल्ली मिळाली होती.

मग एक दिवस फरीदाबाईंचा चेहरा उतरलेला दिसला.

"मुंबईहून केळुसकर साहेब येताहेत. निधी त्यांच्या मंडळाचा. त्यांचं म्हणणं, हा पैसा आरोग्य संशोधनाचा आहे. यातून गाडी शिकवणं बसत नाही. ते स्वतः बघणार आणि मग ठरवणार."

"आन न्हाय बसलं तर?" कल्पीनं विचारलं.

"तर गावाच्या सहभागाचा भाग थांबेल. मी एकटी अभ्यास करू शकते. पण मग तो पहिल्यासारखाच होईल."

कल्पी पदर खोचून उठली. मग म्हणाली, "येऊ दे की. मी त्यास्नी घाट उतरून दावती. मागं बसवूनच नेती."

साहेब येणार त्या दिवशी सकाळपासून गावात नुसती धांदल. बायकांनी शाळेचं अंगण सारवलं. मी तीनदा साडी नेसले, तीनदा सोडली आणि शेवटी ड्रेस घातला. कल्पी म्हणाली, खाचरातले राहिलेले भारे तेवढे बांधावर टाकून येते, मग अंघोळ करून नटते.

थोड्या वेळानं खालच्या रानातून हाका ऐकू आल्या.

आम्ही धावलो. कल्पी बांधावर बसली होती. उजवा हात छातीशी धरलेला. चेहरा पांढरा, पण आवाज शांत.

"भाऱ्याखाली व्हता. नाग हाय. फणा काढला, बगितला मी. कुणी बांधू नगा, कापू नगा. हात हलू देऊ नगा. फरीदाबाईनी काय सांगितलंय?"

आम्हालाच धडा देत होती. मी ओढणी काढून तिचा हात गळ्यात बांधला. दोघींनी तिला उचलली आणि वर रस्त्याला आणली. एक पोरगी देवळाच्या टेकाडावर पळाली, कारण रेंज फक्त तिथंच यायची. तिथूनच ओरडली, "ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलीया! वेळ लागंल म्हणत्यात!"

"तात्या कुठं हायती?" कुणीतरी विचारलं.

"सायबाला आणाय घाटाखाली गेल्यात. येतीलच की. गडीमाणसं येऊंद्या."

"व्हय, येऊंद्या. मग ठरवू."

मी कल्पीकडं बघितलं. तिच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या. गावात घाट उतरलेली बाई एकटी तीच, आणि ती समोर हात बांधून बसलेली. दुसरी मी. जिनं कालपर्यंत खळं सोडून गाडी बाहेर काढली नव्हती.

"शालन," कल्पी म्हणाली, "गाडी काढ."

"मला जमणार न्हाय."

"मग मी मरती. काढ."

मी धावत घराकडं वळले तर गाडी अंगणाच्या बाहेर आलेली. आत्ती ढकलत आणत होत्या. साठीची बाई, धापा टाकत, कपाळावर घाम. त्यांनी किल्ली माझ्या हातात कोंबली, नऊवारीचा काष्टा आवळला आणि म्हणाल्या, "हिला मधी बसवा. मागं मी बसती. मी धरती हिला."

"आत्ती, तुम्ही?"

"आता काय लगीन लावायचंय का मुहूर्त बघून? लाव गाडी!"

गाडी पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्या किकला झाली. कल्पीला मध्ये बसवलं, तिच्या मागं आत्ती दोन्ही पाय टाकून बसल्या आणि कल्पीच्या कमरेला मिठी घातली. मी क्लच सोडला. हळू. गाडीनं उसळी मारली नाही. आम्ही निघालो.

पहिलं वळण आलं. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. पावसानं रस्ता उखडलेला. कानाशी कल्पीचा आवाज.

"दुसऱ्यावर ठेव. उतारावर क्लच दाबू नगंस, गाडी सुटंल. इंजनाला धरू दे. मागला ब्रेक. मागला आधी!"

"मागलाच दाबतीया!"

"मग रडतीस कशाला?"

"मी न्हाय रडत!" मी रडतच म्हटलं.

खड्डा आला. मी चुकवला. दुसरा चुकला नाही, तिघी उसळून परत बसलो. आत्तींनी मागून आरोळी ठोकली, "जाऊ दे, जाऊ दे, थांबू नगंस!" पुढच्या वळणावर गुरांचा कळप रस्ता अडवून उभा. मला हॉर्नचं बटण सापडेना. आत्तींनी असा काही आवाज लावला की गुरं आणि गुराखी दोघंही कडेला झाले. वाऱ्यानं माझे केस डोळ्यांवर येत होते, आणि तरीही, खोटं कशाला सांगू, त्या भीतीतसुद्धा मला कळत होतं की गाडी माझं ऐकते आहे. मी वळवते तिकडं वळते आहे.

"आता... तिस... तिसऱ्यावर..." कल्पीची जीभ जड झाली होती.

"काय? कल्पे, काय म्हणालीस?"

"ति..."

"कल्पे, बोल! बोलत ऱ्हा गं पोरी!" आत्ती ओरडल्या. कल्पीचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. तिचा श्वास मला कपड्यातून लागत होता. पण शब्द थांबले.

आता सांगायला कुणी नव्हतं. रस्ता सपाट झाला तसा मी तिसरा टाकला. स्वतःच्या मनानं.

घाटाच्या शेवटच्या टप्प्यावर समोरून जीप आली. तात्या पुढं बसलेले, मागं फरीदाबाई आणि चष्मेवाले एक पोक्त गृहस्थ. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. फरीदाबाई उडी टाकून धावत आल्या. कल्पीच्या डोळ्यांकडं, मानेकडं एकदा बघितलं.

"कुठला?"

"नाग. तिनं सोता बगितला."

"हिला जीपमध्ये घ्या ना," चष्मेवाले साहेब म्हणाले.

"इथं जीप वळणार नाही, सर. पार वर जावं लागेल. शालन, बंद करू नकोस गाडी! जा तू! मी दवाखान्याला फोन लावते, रेंज आहे इथं. आम्ही मागून येतो."

मी निघाले. आरशात एकदा बघितलं, तर केळुसकर साहेब रस्त्याच्या मधोमध उभे होते, चष्मा हातात घेऊन.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. फोन पोचला होता. कल्पीला आत नेलं, सापाच्या विषावरची लस सुरू केली, नाकातोंडावर मास्क लावून एक नर्स हातानं फुगा दाबत राहिली. मी बाहेर आले आणि गाडीला स्टँड लावायला गेले. स्टँड लागेना. मी गाडीला टेकून तशीच उभी राहिले.

दुपार गेली. फरीदाबाई आतबाहेर करत होत्या. ऊन उतरलं तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं. कल्पीनं एक पापणी उचलली होती. माझ्याकडं बघून तिचे ओठ हलले. मी कान लावला.

"चौथा टाकलास का?"

"टाकला," मी म्हटलं. "खालच्या सरळ रस्त्याला."

"शाणी माझी," ती म्हणाली आणि परत डोळे मिटले. मी तिथंच हसत सुटले आणि नर्सनं मला बाहेर घालवलं.

व्हरांड्यात बाकावर आत्ती आणि केळुसकर साहेब बसले होते. साहेबांनी चहा मागवला होता. ते वाईट माणूस नव्हते. फरीदाबाई आल्या तेव्हा त्यांनी सरळ विचारलं.

"आज जे झालं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पण डॉक्टर, मला मंडळासमोर उत्तर द्यायचं आहे. एक बाई एकदा वाचली म्हणजे संशोधन होत नाही. तुमच्या माहितीत काय दिसतंय? लोक दगावतात ते अंतरामुळं, रस्त्यामुळं. त्याला गाडी शिकवणं हे उत्तर आहे, हे कशावरून?"

फरीदाबाईंनी मान हलवली. "बरोबर आहे, सर. आम्ही सगळ्यांना दवाखाना किती लांब ते विचारलं. रस्ता कसा ते विचारलं. त्यातून एवढंच दिसतं."

आत्तींनी कप खाली ठेवला.

"घरात किती येळ गेला ते इचारलं का?"

फरीदाबाईंनी वही उघडून पानं चाळली.

"माझी सुमन," आत्ती म्हणाल्या. "हणमंतापेक्षा थोरली. हिला म्हाईत न्हाय." त्यांनी माझ्याकडं हात केला. मला एवढंच ठाऊक होतं की नवऱ्याला एक बहीण होती आणि ती लहानपणी तापानं गेली. "ताप न्हवता तो. गवत कापताना चावला. दुपारी. गडी समदे कुस्त्या बघाय गेल्यालं. आमी बायका तिला मांडीवर घेऊन बसलो. येतील आता, येतील आता. सांज झाली. तवर ती गेली."

"वाहन नव्हतं का हो?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बैलगाडी दारात व्हती. बैलं दावणीला." आत्ती समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होत्या. "आन मला गाडी जुपाय येत व्हती, साहेब. माहेरात बापाबरोबर हाकायची मी. घाटानं सुदिक हाकल्याली. पर सासरला कुणी बाईनं गाडी हाकल्याली न्हवती. मी दावणीपातुर गेली आन परत आली. लोक काय म्हणतील. गडीमाणसं येऊंद्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. सकाळी अंगणातून गाडी ढकलत आणणाऱ्या आत्ती मला तेव्हा कळल्या.

केळुसकर साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग फरीदाबाईंना म्हणाले, "हा प्रश्न आपण कुणालाच विचारलेला नाही."

"नाही सर."

"मग विचारा. प्रत्येक घरी परत जा. साप चावल्यापासून घरातून निघेपर्यंत किती वेळ गेला. आणि कुणाची वाट बघत होता." त्यांनी आमच्याकडं बोट केलं. "आणि हे विचारायला तुम्ही जाऊ नका. याच बायकांना जाऊ द्या. तुम्हाला हे कुणी सांगणार नाही. मला तर नाहीच. निधीचं मी बघतो. गाडी शिकवण्यासकट. मंडळ ओरडलं तर माझ्यावर ओरडेल."

आत्ती म्हणाल्या, "पेट्रोल पन धरा त्यात."

"धरतो, बाई."

आम्ही परत घरोघर गेलो. या वेळी पुढं आत्ती. त्या ओसरीवर बसायच्या, आधी सुमनचं सांगायच्या आणि मग विचारायच्या, "तुमी कुणाची वाट बगत व्हता?" पहिल्या फेरीत ज्यांनी दोन शब्दांत वाटेला लावलं होतं, त्या बायका आता दार लोटून घेऊन बोलायच्या. नवऱ्याची. दिराची. मुंबईच्या फोनची. कल्पीच्या अंगात शक्ती आली तशी तीही यायला लागली आणि दुसऱ्या घरी पोचेपर्यंत माझ्या गाडी चालवण्यावरून मला तिची बोलणी खावी लागायची.

अभ्यासाचा निकाल पुण्यात जाण्याआधी आमच्या शाळेत सांगायचा, ही अट कल्पीची. त्या दिवशी सगळं गाव जमलं. फरीदाबाई उभ्या राहिल्या आणि साध्या शब्दांत म्हणाल्या, "जी माणसं गेली, त्यांतल्या बहुतेकांचा रस्त्यावर जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त घरात गेला. रस्ता लांब आहे हे खरं. पण निघायलाच उशीर झाला. आणि उशीर झाला तो गाडी चालवणारा माणूस यायची वाट बघण्यात."

मग तात्या उठले. मला वाटलं आता काहीतरी तिरकं बोलणार. ते बायकांच्या बाजूला वळले आणि आपल्या सुनेला म्हणाले, "उद्यापास्नं खळ्यावर जा. माझी गाडी ने. तेवढं गंजीत घालू नगंस."

दुसऱ्या दिवशी खळ्यावर एवढ्या जणी जमल्या की कल्पीनं शिट्टी मागवली. आज हे सांगतेय तेव्हा आमच्या खोऱ्यात जवळजवळ प्रत्येक वाडीत चालवणारी बाई आहे. पलीकडच्या खोऱ्यातल्या बायकांना शिकवायला मी स्वतः जाते. फरीदाबाईंच्या अहवालावर अभ्यास करणाऱ्यांची नावं छापली, त्यात कल्पीचं आहे, माझं आहे, आत्तींचंही आहे. आत्तींना वाचता येत नव्हतं. त्यांनी त्या नावावरून नुसता हात फिरवला.

हणमंताला मी फोनवर काहीच सांगितलं नव्हतं. त्याला तात्यांकडून कळलं. शिमग्याला तो आला तेव्हा मी गाडी घेऊन तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उभी होते. बॅग खांद्यावर घेऊन तो समोर आला. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

मी किल्ली दिली नाही. मुद्दाम नाही, हात उचललाच गेला नाही.

त्यानं आजूबाजूला बघत हात मागं घेतला. मग हळू आवाजात म्हणाला, "आईनं सुमनताईचं सांगितलं मला. फोनवर. पहिल्यांदाच."

"हं," मी म्हटलं.

त्यानं बॅग पोटाशी धरली आणि मागं बसला. तालुका मागं पडला, घाट लागला. मी गिअर खाली टाकला. चढावर गाडीचा आवाज भरून आला तसा तो कानाशी म्हणाला, "एवढी जोरात चालवतीस?"

"धरून बस," मी म्हटलं.

त्यानं धरलं. मी गाडी आणखी उचलली.